शालनची बोटं

वलवणच्या शालनला चिक्कीच्या कारखान्यात बारा वर्षं झाली. गरम पाक चापून चापून तिच्या बोटांची टोकं वाळल्या कातड्यासारखी झाली होती. त्याच बोटांनी ती संध्याकाळी ठोकळ्यांचा गेम खेळायची. कार्ल्याच्या जत्रेत घेतलेला, तळहाताएवढा, बटणांचा. बटण कट्कन वाजायचं आणि वरून पडणारा ठोकळा नेमका खाचेत बसायचा. सासू, बयाबाई, तिला खेटून बसायची. "आडवा घाल, आडवा! बसला गं बसला!" दिवसभरात शालनच्या वाट्याला एवढंच कौतुक यायचं. तेवढं तिला पुरायचं.

मग धाकटी जाऊ आली. स्नेहल लोणावळ्यात रिसॉर्टच्या काउंटरवर बसायची. तिच्या मोबाइलवर तेच ठोकळे, पण रंगीत. काचेवरून बोट नुसतं फिरवलं की वळायचे. आठवड्याभरात बयाबाई तिच्याकडे सरकली.

"मला दे बघू," शालन एकदा म्हणाली. तिनं काचेवर बोट घासलं. ठोकळा हलेना. तिनं जोरात दाबलं. ठोकळे वेडेवाकडे साचत वरपर्यंत भिडले.

"ताई, दाबू नका हो, नुसतं टेकवा."

"तिच्या बोटाचं काचंला काय कळतंय? लाकूड झालंय त्याचं," बयाबाई हसली.

शालनही हसली. त्या दिवसापासून मात्र तिची नजर स्नेहलच्या बोटांवरून हटेना. वेणी घालताना, चहाचा कप धरताना, ती मऊ गुलाबी टोकं तिला दिसत राहायची.

संक्रांतीला दोघी तिळाचे लाडू वळायला बसल्या. पाक नुकताच उतरवला होता. शालननं कोरड्या हातानं गोळा उचलून वळला.

"फार गरम नाही ना, ताई?"

पाण्याची वाटी शालनच्या गुडघ्याशीच होती. हात ओला कर, एवढंच सांगायचं होतं. ते जिभेवर आलं आणि तिनं गिळलं.

"न्हाई. घे की."

स्नेहल किंचाळली. पाक बोटांना चिकटला होता, झटकला तरी सुटेना. बयाबाई धावत आली. तिनं स्नेहलची बोटं पाण्यात बुडवली, मग तोंडाजवळ धरून ती फुंकर घालू लागली.

"लय भाजलं का गं माझ्या लेकीला?"

बारा वर्षांत शालन कितीदा भाजून घरी आली होती. त्या बोटांवर कुणाची फुंकर पडली नव्हती.

पाक आळत चालला होता. मान वर न करताच बयाबाई म्हणाली, "शालन, ऱ्हायलेलं तू वळून टाक. तुला काय, भाजत न्हाई."

"व्हय, आत्याबाई," शालन म्हणाली. तिनं गोळा उचलला. पलीकडे फुंकर चालूच होती.