माझे केस आणि आईचा नवस

माझे केस पहिल्यांदा गेले तेव्हा कोणी विचारपूस केली नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मात्र माणसं पुण्याहून आली आणि रडली.

सुरुवात झाली आमच्या मृण्मयीला बघायला आले तेव्हा. मुलाकडचे पुण्याचे, आम्ही जामबागेतले, तीन पिढ्यांचे हैदराबादी. सगळं छान चाललं होतं. पोहे झाले, चहा झाला. तेवढ्यात मुलाच्या ताईआजींनी, म्हणजे व्याह्यांच्या मावशींनी, चष्मा सावरला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलीच्या आजोबांची तब्येत या वयातही छान आहे हो."

मी चोपन्न वर्षांचा आहे. शेजारी बसलेले व्याही माझ्याहून थोरले, पण डोक्यावर असं रान की त्यात शेळी चरायला सोडावी. माझी बायको सुमन पदर तोंडाला लावून आत पळाली. त्याच क्षणी मी ठरवलं, लग्नात मी मुलीचा बाप दिसलो पाहिजे. बाकी हॉल, जेवण, मानपान जे व्हायचं ते होवो.

मग उपाय सुरू झाले. आईनं कांद्याचा रस सुचवला. तो लावून मी ऑफिसला गेलो, तर दुपारपर्यंत माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या! सुमननंही माझ्याबरोबर उपचार सुरू केले (तिची वेणी अलीकडे उंदराच्या शेपटीएवढी झाली होती, हे मी एकदाच बोललो, आणि दोन दिवस खिचडी खाल्ली). बेगम बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून माका, जास्वंद आणि देव जाणे काय काय घातलेलं तेल आणलं. महिन्यानं तक्रार घेऊन गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "साब, तेल से नये बाल नक्को आते. चमक आती." बरोबरच होतं. चमक आली होती. फक्त केसांना नाही, मधल्या मैदानाला.

शेवटी मृण्मयीनं आम्हा दोघांना धरून त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून डोकी पाहिली, रक्त तपासलं. माझं टक्कल ही वडिलांची कृपा निघाली. सुमनचं मात्र रक्तातलं लोह कमी आणि थायरॉइड बिघडलेलं. तिला त्याच्या गोळ्या, मला डोक्याला लावायचं औषध आणि एक गोळी. माझी गोळी बायकांसाठी नाही, तिला हात लावायचा नाही, असं सुमनला बजावलं. आणि मला सांगितलं, "आधी थोडे जास्त गळतील. घाबरून सोडू नका. पाच-सहा महिने धीर धरा."

थोडे? उशी पाहून वाटायचं, मांजर झोपून गेलंय. आईनं ती उशी पाहिली, 'हे औषध नव्हे, विष आहे' म्हणाली आणि देवघरात जाऊन बराच वेळ हात जोडून बसली. मी लक्ष दिलं नाही. तिथेच फसलो.

कारण हळूहळू केस यायला लागले! आधी लव, मग खुंट, मग चक्क केस. सुमनची वेणीही भरली. आमच्या न्हाव्यानं कित्येक वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "कैसा काटूं साब?" मला भरून आलं. त्याला काय सांगायचं हेच मी विसरून गेलो होतो. लग्न महिन्यावर आलेलं. मी नवा कंगवा घेतला आणि तो शर्टाच्या खिशात, दिसेल असा, ठेवायला लागलो.

त्या कंगव्याकडे बघून आई म्हणाली, "आता तिरुपतीला जाऊन ये. केस आले तर बालाजीला केस वाहीन, असं बोलले होते."

"कोणाचे?"

"तुझेच. माझे कैकू?"

मी म्हटलं, अगं, हे डॉक्टरांच्या औषधानं आलेत. त्यावर तिनं विचारलं, औषधाला गुण कोणी दिला? मग लग्नानंतर जातो म्हटलं. तर मंगलकार्याआधी देवाचं देणं फिटलंच पाहिजे म्हणे. सुमननंही तिचीच बाजू घेतली. घेईल नाही तर काय! बायकांचं तिथे कात्रीनं तीन बटा कापल्या की भागतं. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या आधी पोटभर हसल्या, आणि मग म्हणाल्या, मुळं शाबूत राहतात, औषध चालू ठेवा, केस परत येतील. गेलो. आलेले केस गेले, आणि वाहत्या गंगेत मिशीही गेली.

हैदराबादेत हे कोणाला सांगावं लागत नाही. गुळगुळीत डोकं दिसलं की गल्लीतला प्रत्येक जण आधी तिरुपतीचा लाडू मागतो. पण पुण्यात असं डोकं म्हणजे घरात कोणीतरी गेलं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

परतून दोनच दिवस झाले होते. व्याही-विहीणबाई हॉल बघायला म्हणून आले. दार मी उघडलं. दोघं उंबऱ्याबाहेरच थबकले. माझं डोकं पाहिलं, मिशीची रिकामी जागा पाहिली, मग आत आईची रिकामी खुर्ची पाहिली (आई बेगम बाजारात रुखवताचा सुकामेवा घ्यायला गेली होती). माझे वडील पूर्वीच वारलेले, हे त्यांना माहीत होतं. मग उरलं कोण?

आत आल्या आल्या विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सुमननं पाणी आणलं, तेही नको म्हणाल्या. व्याह्यांनी माझा हात घट्ट धरला आणि जड आवाजात म्हणाले, "असं झाल्यावर आता लग्नाची तारीख पुढे ढकलावीच लागेल."

एका टकलापायी पोरीचं लग्न अडलं! ताईआजींपर्यंत बातमी गेली वाटतं. मी अक्षरशः गयावया केली. "तारीख नका हो बदलू. जे गेलं ते येईल परत. डॉक्टरांनी खात्री दिली आहे."

व्याह्यांनी माझा हात सोडला आणि सुमनकडे पाहिलं. 'धक्का बसलाय बिचाऱ्यांना' असं ते हळूच म्हणाल्याचं मला ऐकू आलं.

इतक्यात आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दारात उभी! विहीणबाई किंचाळून सोफ्यावर कोसळल्या. आईनं पिशव्या खाली ठेवल्या, पंखा वाढवला आणि विचारलं, "हौ, काय झालं? पाणी बी दिलं नाही का कोणी यांना?"

सगळा उलगडा झाल्यावर सर्वांत जास्त आईच हसली. विहीणबाईंनी तर तिच्या पायावर डोकंच ठेवलं. तारीख राहिली आणि लग्न थाटात झालं. कन्यादानाला मी सोवळं नेसून, उपरणं पांघरून उभा होतो. मृण्मयी सासरी निघाली तेव्हा मी ढसाढसा रडलो, आणि डोकं कसं दिसतंय हे त्या दिवशी पहिल्यांदा विसरलो.

तेवढ्यात ताईआजी समोर आल्या. चष्मा सावरून त्यांनी मला निरखलं. या खेपेला त्या मला आजोबा म्हणाल्या नाहीत. वाकून नमस्कार केला, हातात दक्षिणा ठेवली आणि काळजीनं विचारलं, "गुरुजी, तुमची शेंडी कुठे गेली हो?"

मी दक्षिणा कनवटीला खोचली आणि म्हणालो, "तिरुपतीला."