माळावरची धोतरं आणि दादाचं लाल निशाण

दादाच्या हातून चूक झाली नव्हती.

आधी हे वाचा, मग काय ते हात जोडलेले इमोजी टाका.

माझा थोरला भाऊ आज पहाटे धाराशिवच्या दवाखान्यात वारला. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर एकच चाललंय. "तरुणपणी विमानाच्या कामात होते, चुकीमुळं नोकरी गेली, पण स्वभाव लई शांत."

कुणी लिहिलं? ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता त्यांनी!

मला विचारा ना. मी होते तिथं. नातीनं मोबाइल शिकवलाय, एका बोटानं टाइप करतेय, पण आज सगळं लिहिणार.

निजामाचं राज्य होतं, वर दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस. आमच्या घरापलीकडं माळ होता. तिथं कधीमधी हैदराबादहून छोटं विमान साहेबलोकांना घेऊन यायचं. रेडिओ नाही, टॉवर नाही, काही नाही.

खाली होता फक्त दादा.

आज एअरपोर्टवर कंट्रोलवाले पायलटला सांगतात ना, थांब, फेरी मार, आता उतर? दादा तेच करायचा, पण कापडानं.

विमान यायचं असलं की तो दोन लांब पांढरी कापडं माळावर इंग्रजी टीसारखी अंथरायचा. वारा जिकडून येतोय तिकडं टीचं डोकं. विमानानं वाऱ्याला तोंड देऊनच उतरायचं असतं. वारा पाठीमागून असला की ते खाली टेकूनही पळतच सुटतं. आणि आमच्या माळाच्या टोकाला होता खोल ओढा.

पायलटनं आधी वरून एक अख्खी फेरी मारायची, टी बघायचा. दादा हिरवं निशाण दाखवणार. पायलट पंख हलवणार, म्हणजे कळलं. मगच खाली यायचं.

लाल निशाण दिसलं तर परत वर. कारण विचारायचं नाही.

पायलट नेहमीचाच. उर्दू बोलणारा, हसतमुख. दादाला म्हणाला होता, "मियाँ, तुमको हैदराबाद ले जाता हूँ. वहाँ के हवाई अड्डे पे काम करो."

नुसतं बोलला नाही, वरच्या साहेबाला सांगूनही ठेवलं. दादाची पेटी भरायची तेवढी राहिली होती. जेवतानासुद्धा हैदराबादचंच बोलायचा.

आणि मग आमच्या आत्यानं घोळ घातला.

घरात बारशाचे पाहुणे. धुण्याचा हा ढीग, अंगणात जागा नाही. आत्यानं सगळी धोतरं नेली आणि माळावर वाळत घातली. वर दगड ठेवून, आडवी-उभी, जागा मिळेल तशी.

विमान दुसऱ्या दिवशी यायचं होतं. दादाची कापडं घरात गुंडाळून ठेवलेली. माळ रिकामाच दिसला तिला. बिचारीचं तरी काय चुकलं म्हणा.

विमान एक दिवस आधीच आलं.

दादा जेवायला बसला होता. आवाज ऐकला आणि ताटावरून उठला. "आरं, ह्यो फेरी का मारीना?" ओरडतच लाल निशाण घेऊन पळाला. मागं मी, माझ्या मागं आत्या.

पायलटला वरून धोतरांचा टी दिसला होता. नेहमीचा माळ, नेहमीची खूण, सवयीचं काम. फेरी न मारताच सरळ खाली येत होता. आणि वारा त्याच्या पाठीमागून!

दादा माळाच्या मधोमध उभा. निशाण डोक्यावर. विमान समोरून येतंय आणि हा हलायला तयार नाही. मी किंचाळले, "दादा, सर की रे बाजूला!"

खूण म्हणत होती उतर. माणूस म्हणत होता उतरू नको. पायलटनं माणसाचं ऐकलं. विमान दादाच्या डोक्यावरून वर गेलं. धूळ बसेपर्यंत मला दादा दिसलाच नाही.

मग आत्यानं धोतरं गोळा केली. दादानं घरून आपलं सामान आणून नीट टी मांडला, हिरवं निशाण दाखवलं. वर पंख हलले. विमान उतरलं.

आतला साहेब तांबडालाल होऊन खाली आला. "ये निशान किसने डाला था?"

आत्या धोतरांचं बोचकं छातीशी धरून उभी होती. लढाईचे दिवस. खोटी खूण मांडली म्हणून तिला ठाण्यात बसवायला कितीसा वेळ लागणार होता? आणि पायलट बुटांकडं बघत होता. फेरी मारली नाही हे बाहेर आलं असतं तर त्याचीही नोकरी गेली असती.

आणि आमचे कर्णमहाराज पुढं झाले!

"मैंने डाला, साहब. उलटा पड गया."

झालं. नोकरी गेली. हैदराबाद गेलं. दादा कळंबला अडत दुकानात कामाला लागला, तो म्हातारा होईपर्यंत तिथंच.

पायलट? तो येत राहिला की. आमच्या घरावरून जाताना पंख हलवायचा, सलाम म्हणे. दादा गावी आलेला असला की घराच्या माळवदावर चढून त्याला हात करायचा. माझा नुसता तीळपापड व्हायचा. अरे, पंख हलवून काय होतंय? त्या दिवशी तोंड उघडायचं होतंस ना!

आत्या मरेपर्यंत दादाला पहिली गरम भाकरी वाढायची. त्या दिवसाचं कधी बोलली नाही. दादाही नाही. बोलायचे फक्त मी, म्हणून घरात भांडकुदळ ठरले.

परवा दवाखान्यात पुन्हा भांडले. म्हटलं, "दादा, आता तरी सांग. खरं का नाही बोललास? तुझं सगळं गेलं की रे त्यात."

डोळे मिटूनच म्हणाला, "विमान नीट उतरलं का न्हाय?"

"उतरलं."

"मग माझं काय गेलं, बये?"

मी तोंड फिरवून रडले.

दादा, नीट जा. धाकट्या बहिणीचा तुला साष्टांग नमस्कार. तुझ्यावरचा राग आहे, आणि तो जाणार नाही.