येते हं
गोवऱ्यांच्या धुराचा वास आला की मला कामथडीचा आमचा गोठा आठवतो, आणि त्यात खून करून उभी असलेली काकी. कॉलेजात असताना मला नॉयर सिनेमाचं वेड लागलं होतं. काळंपांढरं चित्र, धूर, चेहऱ्यावर सावल्यांचे पट्टे आणि नवऱ्याला मारून कायमची निघून जाणारी थंड डोळ्यांची बाई. तसले पट्टे पाडणारे खिडक्यांचे पडदे गावात कुठून आणणार? पण आमच्या गोठ्याच्या कुडातून भर दुपारी तसंच ऊन यायचं. मग मी गोवऱ्या पेटवून धूर केला, काकांना कडब्यावर मेलेलं निजवलं आणि मोबाईल धरला. काकीला एकच वाक्य होतं, "जाते मी." ते काही तिच्या तोंडून निघेना. "बाईमाणसानं घरातनं निघताना जाते म्हनू न्हाई. येते म्हनायचं." मी वैतागले, "अगं काकी, तू खून केलायस, परत कशाला येशील?" "खून लागतील तेवढं करीन, पर जाते न्हाई म्हनायची." कडब्यातलं प्रेत खदखदून हसलं. शेवटी मीच हात टेकले. पण कॉलेजात ती फिल्म लावली, धुरातून पट्ट्यापट्ट्यांच्या चेहऱ्याची काकी प्रेताकडे वळून हळूच "येते हं" म्हणाली, आणि सगळा वर्ग चिडीचूप झाला. ही बाई मेलेल्यालाही सोडणार नव्हती. अजूनही सुट्टीला गावी गेले की बघते, काकी बाजाराला निघताना दारातून "येते हं" म्हणते, आणि काका हातातला चहा खाली ठेवून बाजेवर मरून पडतात.