हातानं लावलेले नट

मामीचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. "मामा गेले व," एवढंच ती म्हणाली. मागे यंत्र खडखडत होतं, ते कोणी बंद केलं नाही...

सेलूचे माझे मामा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची जुनी फियाट. लहानपणी तिच्या टपावर भोंगा बांधून बाबा आणि मामा गावोगाव फिरायचे, मी खिडकीतून पत्रकं फेकायची. अक्षरं मी त्या पत्रकांवरच शिकले. मागच्या वर्षी इंजिनाला लागून असलेला धुराचा पाइप तडकला. तेव्हापासून गाडी सुरू झाली की फटफटफट, सगळ्या गल्लीला कळायचं. "निघाली मिरवणूक," म्हणून मामी हसायची.

यंदा मामांचा कॅन्सर फुप्फुसात पसरला. सेवाग्रामला दाखल व्हायचं ठरलं, पण त्यांची अट होती. "माह्याच गाडीनं जाईन. आन् आवाज न करता जाईन."

म्हणून नवा हेडर आणला, इंजिनाचा धूर चार नळ्यांतून गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा. मामा खुर्चीवर, मी बॉनेटखाली वाकलेली. हेडर आणि इंजिनाच्या मधे बसणारं पॅकिंग कापायला माप हवं होतं. मामांनी माझंच एक पत्रक इंजिनावर दाबायला लावलं आणि काळ्या अंगठ्यानं घासून भोकांचे ठसे घेतले. 'जवाब द्या' या मथळ्याच्या मधोमध गोल उमटला. "पाह्य, तुह्या पत्रकातून आता खरंच धूर निघन!" ते हसले, आणि हसता हसता खोकत राहिले.

हेडर काही बसेना. इंजिनात रोवलेला शेवटचा स्टड हेडरच्या भोकापासून किंचित बाजूलाच राहायचा. मी पहार घालून ओढायला लागले.

"काऊन ओढून राह्यली व? ओढून बसवलं त गरम झाल्यावर तडकते. सगळे ढिले कर. पयले सगळे नट हातानं, मंग मधल्या नटापासून पाना."

"मामा, वेळ कुठे आहे?"

"हेडरले थोडी मालूम हाय ते!"

सगळं पुन्हा ढिलं केलं. हलवत राहिले, आणि तो स्टड आपसूक भोकात आला. नट बोटांनीच फिरवले. शेवटचा मामांनी उठून स्वतः लावला. मग धाप लागली, बसले. "पाना उद्या," म्हणाले.

रात्री धाप वाढली, दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना न्यावं लागलं. शेडसमोरून जाताना त्यांनी फक्त मान वळवली... परत आले नाहीत.

अन्याय झाला की पत्रक काढायचं, एवढंच मला येतं. कोणीतरी जबाबदार असतंच, त्याचं नाव ठळक छापायचं. पण डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं होतं. कोणाला जवाब मागू? कोरा कागद घेऊन बसले, मथळाही सुचला नाही.

परवा सेलूला गेले. बॉनेट उघडून मधल्या नटाला पाना लावला. हे सगळे आवळले की फट बुजणार, गाडी मामांना हवी होती तशी, गप्प. मामी दारात येऊन उभी राहिली.

"राहू दे व," ती म्हणाली. "तशीच सुरू कर. घर लय चुप झालं."

मी किल्ली फिरवली. फटफटफट... मामी शेडच्या पत्र्याला टेकून ऐकत राहिली. पाना माझ्या हातातच होता.