उसना श्वास

देव आपल्याकडे खरंच बघतो का, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसईत निर्मळजवळच्या आमच्या केळीच्या वाडीतली विहीर खारी झाली होती. बाबा एवढंच म्हणाले, "फीचं माझ्याच्यानं जमायचं नाही." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या काळी आमच्याकडे कुणी फुलं विकून शिके, कुणी शिकवण्या घेऊन. मी लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, वाजवून शिकत होतो.

फीचा शेवटचा हप्ता सोमवारी भरला नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. आदल्या दिवशी, रविवारी, उपवासकाळापूर्वीचं शेवटचं लग्न होतं. पुढे ईस्टरपर्यंत आमच्यात लग्नं नाहीत, म्हणजे बँडही बंद. आणि नेमकी त्याच सकाळी वाडीत पानं कापताना गांधीलमाशी ओठाला डसली. नवरीच्या मांडवात पोचेपर्यंत ओठ टम्म सुजला. कॉर्नेट तोंडाला लावलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि नुसती हवा निघायची.

आमच्या बँडचे पास्कूमास्तर वाईट माणूस नव्हते. पण ते म्हणाले, "वाजवेल त्याचा वाटा, पोरा. बाकीच्यांच्या ताटातलं काढून तुला कसं देऊ? आणि कॉर्नेटशिवाय आता नवरीला चर्चला न्यायचं कसं, ते सांग." दुसरा वाजवणारा मिळणार नव्हता, त्या दिवशी सगळेच बँड गुंतलेले होते. मांडवामागच्या चिंचेखाली मी गुडघे टेकले. रोज जपमाळ म्हणणारा मी, पण एक प्रार्थना धड आठवेना. म्हटलं, "मरियामाते, माझ्याच्यानं होत नाही. आता तुला काय दिसेल ते कर." खरं सांगतो, त्यात भक्ती कमी आणि रागच जास्त होता.

उठलो तर समोर कोट घातलेले एक वयस्क गृहस्थ. मुंबईहून मित्राच्या नातीच्या लग्नाला आले होते. रिक्षावाल्याने मांडव बघून त्यांना इथेच उतरवलं होतं, पण ते लग्न होतं पलीकडच्या गावात. मी रस्ता दाखवू लागलो तशी त्यांची नजर माझ्या ओठावर गेली, मग कॉर्नेटवर. त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला का सांगितलं, मला आजही कळत नाही.

ते म्हणाले, "मीपण लग्नात वाजवूनच बी.ए. केलं. कॉर्नेटच. वाजवणं सुटून जमाना झाला. पण दे."

"आणि तुमचं लग्न, अंकल?"

"चर्चमधली मिस्सा चुकेल. जेवायला पोचेन."

पहिला सूर फाटला. नवरीच्या वडिलांनी झटकन मान वळवली, मास्तरांचा हात थांबवण्यासाठी वर गेला. दुसराही सूर डगमगला. अंकलनी डोळे मिटले, छाती भरून घेतली, आणि तिसऱ्या ओळीला सूर असा स्वच्छ निघाला की मास्तरांचा वर गेलेला हात हळूहळू ताल धरू लागला. चर्चच्या दारापर्यंत ते वाजवत गेले. मी शेजारून चालत होतो. त्यांच्या मानेवरच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या, आणि प्रत्येक श्वासाला वाटायचं, आता थांबतील. थांबले नाहीत.

दारात त्यांनी रुमालाने कॉर्नेट पुसून माझ्या हाती दिलं. नाव विचारलं तर धापा टाकत म्हणाले, "ते कशाला? फी भर." आणि निघाले. मास्तरांनी माझा वाटा माझ्या खिशात घातला.

फी भरून आल्यावर मी त्या दुसऱ्या लग्नघरी आभार मानायला गेलो. ते गृहस्थ केव्हाच मुंबईला परतले होते. "उशीर झाला म्हणाले," घरच्यांनी सांगितलं. त्यांनी कारण कुणालाच सांगितलं नव्हतं.

रिक्षावाला चुकला की त्याला चुकवलं गेलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. त्या दिवशी मी हात टेकले, आणि माझ्या रागातल्या अर्धवट शब्दांनाही कुणीतरी प्रार्थना मानलं, एवढं मला ठाऊक आहे. मी स्वतःच्या बळावर शिकलो, असं मात्र त्यानंतर कधी म्हटलं नाही.