ताईच्या घराचं दूध

दूध करपल्याचा वास आला की मला बूढापारा मोहल्ल्यातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. पाच वर्षांत परत येते म्हणून कॅनडात गेलेल्या ताईनं तिकडेच घर घेतलं होतं, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागलेलं, दुमजली. देश सोडणाऱ्यांविरुद्ध पत्रकं लिहायचो मी; तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. वास्तूच्या दिवशी नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं असतं. आईला व्हिसा मिळाला नव्हता, आणि ताई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, यहाँ दूध जला तो अलार्म बज जाएगा." "मंग मी इथं उतू जाऊ देते," म्हणत आईनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी भडकलो. "ती आता परत येत नाही, अन् तू दूध सांडून राहिली?" पातेल्यावरची नजर न काढता आई म्हणाली, "नाही येत तं नाही येत. पोट्टीचं घर काहून कोरडं राहावं?" दूध फसफसून पूर्वेच्या बाजूनं सांडलं. मी फोन पातेल्याजवळ नेला. पलीकडे ताई हात जोडून उभी होती. आज शंकर नगरच्या माझ्या खोलीत चहाचं दूध उतू गेलं, आणि ओटा पुसायच्या आधी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी स्वतःहून ताईला फोन लावला.