ढोलकीवरचे पिवळे ठसे
ढोलकीच्या चामड्यावर हळदीचे पिवळे ठसे अजून आहेत. वडील आखाडा बाळापूरजवळ हळद शिजवायच्या कढईवर कामाला होते आणि रविवारी पत्र्याच्या चर्चमध्ये ढोलकी वाजवत. एका रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला पुरून तीनच दिवस झाले होते. पाळकांनी स्तुतिगीत सुरू केलं आणि वडिलांनी नेहमीसारखा ठेका धरला. बायकांच्या रांगेतून आई उठली. "लेकरू मातीत हाय, अन् तुमी वाजवून राहिले? हात कसे उचलले?" वडील थांबले नाहीत. "देवाची स्तुती आपल्याला बरं वाटावं म्हणून न्हाई करत," एवढंच म्हणाले. आई पुन्हा चर्चला आली नाही. मागच्या महिन्यात वडील गेले. त्यानंतरच्या रविवारी मी चर्चला निघालो, तेव्हा तिनंच ढोलकी माझ्या हातात दिली. "धर. लेकीला पुरून त्यायनं वाजवली, तू बापाला पुरून वाजव." मी वाजवली. ठेका एकदाही चुकला नाही.